मेलेल्या मुलाचं स्थळ

आमच्या सिंदीच्या हौशी मंडळाकडे एकच नाटक होतं, आणि त्या नाटकात एकच चांगला प्रवेश होता. त्या प्रवेशात मला बोलायचं काही नव्हतं. मी मेलेला असायचो.

सिंदी म्हणजे रेल्वेची सिंदी, वर्धा आणि नागपूर यांच्या मधली. पन्नास सालच्या आसपास तिथे दोनच गोष्टी नियमाने येत, पॅसेंजर आणि कापूस. त्यातही कापसाचा भरवसा जास्त. दिवाळीनंतर जिनाबाहेर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याबाहेर, बैलबंड्यांच्या रांगा लागत, आणि बंडीवाल्यांना आपला नंबर येईपर्यंत दोन-दोन दिवस काही काम नसे. नाटकाला यापेक्षा चांगला प्रेक्षक मिळत नाही. आवारात रुईच्या दाबलेल्या गाठी रचायच्या, त्यावर फळ्या टाकायच्या, की झाला रंगमंच. वर गॅसबत्त्या टांगत. चहूकडे कापूस आणि मधोमध जाळ अशी ती व्यवस्था होती. आग कधी लागली नाही. मंडळाचे अध्यक्ष याचं श्रेय नटराजाला देत आणि जिनाचा चौकीदार स्वतःला. मी चौकीदाराच्या बाजूने आहे.

नाटक दिग्दर्शकानेच लिहिलेलं होतं. दिग्दर्शक म्हणजे मिडल स्कूलचे ड्रॉइंग मास्तर. गोष्ट साधी: गरीब जोडपं, एकुलता एक मुलगा. आजारी आईसाठी मुळी आणायला मुलगा रानात जातो आणि त्याला साप चावतो. तिसऱ्या अंकात त्याला उचलून आईपुढे ठेवतात आणि आई विलाप करते. चौथ्या अंकात काहीतरी न्यायनिवाडा होता, पण तोवर निम्मी मंडळी बैलांना चारा टाकायला उठून गेलेली असत.

माझे वडील शिंपी. मंडळाचा पडदा त्यांनी शिवला होता, त्यामुळे बालनट निवडताना फार शोधाशोध झाली नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि आठचा दिसत होतो. एवढ्या गुणांवर मला ती भूमिका मिळाली.

आईचं काम रेल्वेचे पार्सल बाबू करत. थोराड अंगाचे, गोड गळ्याचे गृहस्थ. नाटकाचे दिवस जवळ आले की ते मिशी काढून टाकत, आणि पार्सल ऑफिसच्या खिडकीत बिनमिशीचे बाबू दिसले की गावाला प्रयोगाची बातमी लागे. वेगळी जाहिरात लागत नसे.

मेल्यावर काय करायचं हे मास्तरांनी मला नीट शिकवलं होतं. श्वास छातीने नाही, पोटाने घ्यायचा, आणि तोसुद्धा पद चालू असताना. बाबू दम घ्यायला थांबले की लोकांची नजर माझ्यावर येते, तेव्हा मी माझा श्वास धरून ठेवायचा. अशा रीतीने आम्ही मायलेक आळीपाळीने श्वास घेत होतो. प्रवेश पंधरा मिनिटांचा होता, पण बाबूंचा गळा लागला आणि लोकांनी वन्समोर दिला तर अर्धा-पाऊण तास सहज जाई. विष भिनल्याचं दिसावं म्हणून मास्तर माझ्या ओठांना आणि नखांना कपड्याची नीळ लावत. ओठांची नीळ तेलाने निघे. नखांची दोन-तीन दिवस राही, आणि शाळेत पाटीवर लिहिताना माझी निळी बोटं पाहून गुरुजी म्हणत, "काऊन बे, उतरलं नाई का अजून विष?"

ही माझी कीर्ती. ती आता हास्यास्पद वाटते, तेव्हाही थोडी वाटत होती, पण होती खरी. पहिल्या हिवाळ्यात बाया इतक्या रडल्या की सेलूहून बोलावणं आलं, मग हिंगणघाटहून, मग अल्लीपूरच्या जत्रेतून. प्रयोग संपला की बाया मला पाहायला मागे येत. कोणी गालाला काजळ लावी, कोणी नखं हातात घेऊन पाही, कोणी नुसतंच डोक्यावरून हात फिरवी. मी भुकेलेला असे आणि मला आलूबोंडे हवे असत. मंडळाने मला वचन दिलं होतं की मी शेवटपर्यंत हललो नाही तर गरम आलूबोंडे मिळतील. आणि मी कधी हललो नाही, याचं दुसरं काही कारण शोधण्याची गरज नाही.

सेलूला माझा सत्कार झाला. शाल माझ्याभोवती दोनदा गुंडाळूनही जमिनीवर लोळत होती. एका पुढाऱ्याने भाषणात सांगितलं की या बालकाने मृत्यूवर विजय मिळवला आहे. वास्तविक मी रोज हरत होतो. मग त्यांनी मला विचारलं, "बाळ, तू तिथे निपचित पडलेला असतोस तेव्हा तुझ्या मनात कोणते विचार येतात?" मास्तरांनी याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. मी म्हणालो, "मी आईचा विचार करतो." टाळ्या पडल्या. माझी खरी आई तिथे नव्हती. तिने नाटक एकदाच पाहिलं, अर्ध्यातून उठून घरी गेली, आणि मी घरी आल्यावर मला काही न बोलता जेवायला वाढलं. हे उत्तर मी पुढे पुष्कळदा दिलं. त्याला एकदाही टाळी चुकली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मी वाढलो. एका पावसाळ्यात माझे पाय इतके लांब झाले की पार्सल बाबूंच्या मांडीवरून ते खाली लोंबू लागले, आणि उचलून आणणाऱ्या दोघांपैकी एकाने तालमीतच सांगितलं, "याले आता चार जण लागतील." लोक हसले. मेलेल्या माणसाला हसले की नाटक संपतं, एवढं मास्तरांना कळत होतं. माझ्या जागी एका हलवायाचा मुलगा आला. तो पहिल्याच प्रयोगात शिंकला. पुढच्या वर्षी बाबूंची बदली झाली आणि मंडळ भजनाकडे वळलं.

इथे माझं बालनटाचं आयुष्य संपलं. म्हणजे मला तसं वाटलं.

पंधराव्या वर्षी मला टायफॉइड झाला. शेजारचे एक काका समाचाराला आले, खाटेजवळ उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "तुमचं पोरगं तर आधीपासूनच यात हुशार आहे." वडील हसले नाहीत. मला मात्र त्या तापातही जाणवलं की मी डोळे मिटून पोटाने श्वास घेतो आहे आणि काका निघून जाण्याची वाट पाहतो आहे. आजारी पडायचीसुद्धा माझी स्वतःची पद्धत उरली नव्हती. पुढे मॅट्रिक होऊन मास्तरकीसाठी मुलाखतीला गेलो, तेव्हा समोरच्या तीन जणांपैकी एकाने माझं गाव वाचलं, माझ्याकडे पुन्हा पाहिलं, आणि भूगोलाचा प्रश्न अर्धवट सोडून विचारलं, "तो साप चावलेला तूच का?" मी हो म्हणालो. भूगोल राहिला तो राहिलाच. मला नोकरी मिळाली ती माझ्या गुणांवर की नीळ लावलेल्या नखांवर, हे मी आजही सांगू शकत नाही.

सेलूजवळच्या एका खेड्यात मी मास्तर झालो. याच काळात आमचा जिल्हा जागचा न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. माझं मात्र तसं नव्हतं. मुलांचे बाप शाळेच्या दारात उभे राहून मला न्याहाळत. बाजारात म्हाताऱ्या बाया मनगट धरून पाहत. लग्नाच्या पंगतीत हमखास कोणीतरी म्हणे, "मास्तर, एकदा मरून दाखवा ना." मी म्हणे, "जेवण झाल्यावर." तेवढ्यावर सुटका होई.

मी वीस वर्षांचा झालो तेव्हा माझ्या मामांनी अल्लीपूरचं एक स्थळ आणलं. मामा भाजीचे दलाल होते आणि हिंगणघाटच्या बाजारात त्यांची अर्ध्या तालुक्याशी ओळख होती. मुलीचे वडील वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजाराला आणत. दोन मुली, थोरलीचं लग्न झालेलं. धाकटी सातवी पास. मामा, वडील आणि मी असे तिघे मुलगी पाहायला गेलो.

चहा-चिवडा झाला. मुलगी येऊन बसली. मामांना मुलीचं शिक्षण तपासायची हौस होती. त्यांनी चिवडा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद तिच्यापुढे धरला आणि वाचायला सांगितलं. तिने खणखणीत वाचलं. कुठल्याशा सभेचा वृत्तांत होता. अमुक पाहुण्यांनी अमुक विषयावर मौलिक विचार मांडले, ते असे, इथपर्यंत आली आणि थांबली.

"पुढं वाच," मामा म्हणाले.

"पुढं फाटलं हाये," ती म्हणाली. मग कागदाकडे पाहून म्हणाली, "काई बिघडलं नाई."

ती मुलगी मला हवी होती. इतकी ठामपणे मला त्यापूर्वी कुठलीच गोष्ट हवीशी वाटली नव्हती, आलूबोंडे वगळून.

मुलीची आई समोर आली नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, तिच्या पातळाचा काठ दिसत होता. आम्ही उठताना तो काठ आत गेला. चार दिवसांनी मामा हिंगणघाटच्या बाजारातून निरोप घेऊन आले. ते ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वडिलांना म्हणाले, "नाई म्हणते."

"बाप?"

"बाप तयार हाये. मायच नाई म्हणते. म्हणते, थे पोरगं मेलेलं हाये. जत्रेत मी त्याले मरताना पाह्यलं, त्याच्या नावानं डोक्यावरून आंघोळ केली. ज्याच्या नावानं आंघोळ केली त्याले लेक कशी देऊ."

आमच्याकडे कोणी गेल्याची बातमी आली की डोक्यावरून पाणी घेतात. ते घेतलं की माणूस गेला, हे घराने मान्य केलं असा त्याचा अर्थ. नाटकातल्या मुलाच्या नावाने कोणी तसं पाणी घेतल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं.

वडील बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मामा म्हणाले, "दुसरं पाहू. दूरचं. नाटक जिथं गेलं नाई असं गाव पाहू."

"आपल्या जिल्ह्यात असं गाव उरलं नाही," मी म्हणालो. ही बढाई नव्हती, अडचण होती.

पुढच्या रविवारी मी एकटाच अल्लीपूरला निघालो. नवऱ्या मुलाने असं जायचं नसतं. नकार आल्यावर तर नाहीच. मी घरी सांगितलं नाही. सिंदीहून पॅसेंजरने वर्धा, तिथून मोटार. मोटारीत बसून मी युक्तिवाद जुळवले. अंधश्रद्धा म्हणजे काय, नाटक म्हणजे काय, नट आणि पात्र यांतला फरक. ज्याच्या मृत्यूची खोटी बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं असं लोक मानतात, तेही वापरायचं ठरवलं. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण तिचा असेल तर उपयोगी पडेल असा हिशेब होता. शिकलेल्या माणसाने अडाणी बाईला समजावायला जाताना जी तयारी करायची ती सगळी मी केली होती.

ती अंगणात सुकलेल्या मिरच्यांची देठं तोडत बसली होती. साधारण चाळिशीची, सडपातळ. मला पाहून उठली नाही. नवरा बाजाराला गेला होता, हे मला माहीत होतं, म्हणून तर रविवार निवडला होता. मुलगी कुठे दिसली नाही.

"काकू, मी बोलायला आलो," मी म्हणालो.

"बसा. तिकडं बसा, इकडं मिरचीची खाट लागन तुमाले."

मी ओट्यावर बसलो आणि सुरुवात केली. नाटकापासून. तिने दोन वाक्यं ऐकली आणि तिसऱ्याला हात वर केला. हातात मिरची होती.

"मास्तर, नाटक होतं थे मले समजते. मी काय येडी हावो का? तुमच्या त्या मायनं सकाळी आमच्या विहिरीवर दाढी केली. मीच पाणी काढून देल्लं त्याले."

माझा पहिला युक्तिवाद संपला. दुसरा आणि तिसरा त्याच्याच आधारावर उभे होते.

"मग तुम्ही निरोप असा का पाठवला?"

"लोकांले सांगाले काईतरी लागते ना. असं सांगतलं की कोणी पुढं इचारत नाई."

ती देठं तोडत राहिली. मी गप्प बसलो. गप्प राहणं मला चांगलं जमतं. बऱ्याच वेळाने ती मिरच्यांकडेच पाहत बोलली. तिचा एक मुलगा होता, दोन मुलींच्या मधला, आठ वर्षांचा. जत्रेत आमचं नाटक आलं त्याच साली, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या वेळी, तीन दिवसांच्या तापात गेला. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, शेतात बाया लागलेल्या, कापूस फुटून खाली पडत होता. पाचव्या दिवशी ती वेचायला गेली. रडली नाही.

"रडूच नाई आलं. बाया म्हणे, गोटा हाये. सासूनं तोंड फिरवलं माह्याकून. मले बी वाटे, का झालं असन मले. मंग जत्रा आली. मी नाई म्हणे, जावेनं हाताले धरून नेलं."

पुढचं तिने फार सांगितलं नाही. माझ्यासमोर बाबूंनी पद सुरू केलं तेव्हा तिला रडू आलं आणि ते थांबेना. दोन बायांनी धरून घरी आणलं. घरी आल्यावर तिने विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, थंडीचं, घागरीमागून घागर.

"माह्या पोराची आंघोळ मी त्या दिवशी केली," ती म्हणाली. "त्याच्या आधी केली थे नुसतं पाणी होतं."

मोटारीत जुळवलेलं सगळं माझ्याकडे शिल्लक होतं आणि त्यातलं काहीच तिथे काढण्यासारखं नव्हतं.

"तुमी दारात आले त्या दिवशी, अन् थे पोरगं मले दिसलं," ती म्हणाली. "मोठं झालेलं. मिशी आलेली. लग्नात तुमाले हळद लावाची, अन् माह्या मनात का येईन? लेकीच्या लग्नात मले रडाचं नाई, मास्तर. तिचं लगन हाये थे."

मी उठलो. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "एक सांग. तू तिथं पडून राहे, तवा तुह्या मनात का राहे?"

उत्तर तयार होतं. मास्तरांनी घोटून घेतलेलं, चार-पाच गावांत तपासलेलं. मी आईचा विचार करत होतो. तिला तेच ऐकायचं होतं असं मला वाटलं, आणि ते ऐकलं असतं तर ती कदाचित विरघळली असती. मुलगी तिथे होती, त्या एका वाक्याच्या पलीकडे. मी तोंड उघडलं, आणि मला ते वाक्य म्हणता आलं नाही. तिच्या बोटांना मिरची लागलेली होती आणि ती डोळे पुसू शकत नव्हती. मनगटाने पुसत होती.

"नाक खाजवत होतं," मी म्हणालो. "बाबूंचं कोपर पोटात रुतायचं. आणि आलूबोंड्यांचा वास यायचा. मागे तळत असायचे ना. मी सगळा वेळ आलूबोंड्यांचा विचार करत होतो."

ती हसली नाही. रागावलीही नाही.

"भूक लागे तुले?"

"हो."

"अन् थंडी? पूस म्हैना होता तवा. उघडंच ठेवत तुले. एक धोतर कमरेले."

"थंडी वाजायची. पण हलायचं नाही असं होतं."

"मंग त्या बाईनं पांघरूण काऊन नाई टाकलं तुह्यावर? एवढी रडे, अन् पोराच्या अंगावर काई टाकाचं सुचलं नाई तिले?"

"बाई नव्हती ती. पार्सल बाबू होते. तुम्हीच म्हणालात."

"कोनी बी असो. टाकाले पाह्यजे होतं." ती देठं तोडायला लागली. "मी उठून राह्यली होती टाकाले. जावेनं हात धरला, म्हणे लोक हासतील."

मग तिने आतून भाकरी आणि वांग्याची भाजी आणून माझ्यासमोर ठेवली आणि मी जेवेपर्यंत तिथेच बसली. तिखट भाजी होती. मी सगळी खाल्ली. होकाराचं किंवा नकाराचं ती काही बोलली नाही. निघताना म्हणाली, "असं एकट्यानं येऊ नये. लोक नाव ठेवतात. पुन्हा आला तं मामाले घेऊन येजो."

हा होकार होता की रीत शिकवणं होतं, यावर मी परतीच्या मोटारीत वर्ध्यापर्यंत विचार केला आणि तिथून पुढे पॅसेंजरने सिंदीपर्यंत.

आठवड्याने मुलीचे वडील स्वतः आले. ओट्यावर मामा होते, वडील होते. पाणी झालं, पान झालं. मग ते जरा घोटाळले. "पोरीची माय तयार हाये," ते म्हणाले. "एक अट हाये तिची. सांगाले मलेच कसंतरी वाटते."

मामा सावरून बसले. आमच्याकडे अट म्हटलं की सायकल किंवा घड्याळ, आणि तीही मुलाकडच्यांनी घालायची.

"थे म्हणते, जावई आमच्या घरी आले का त्यायनं आडवं व्हाचं नाई. झोपाचं नाई. दुपारचं बी नाई. बसून राहावं, फिरावं, पण माह्या डोळ्यापुढं निजलेलं नको."

मामा म्हणाले, "जावई पाह्यजे का चौकीदार?"

"मी तेच म्हणलं तिले."

"तं थे का म्हणे?"

"म्हणे, चौकीदार बी चालन."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान्य म्हणालो. मामांना ते आवडलं नाही. जावयाने सासरी निजणं हा त्यांच्या दृष्टीने एक हक्क होता, आणि हक्क सोडताना निदान थोडी घासाघीस तरी करायची असते. मामा निघताना मला म्हणाले, "रातचं कसं करशीन?"

"शेवटची मोटार पकडीन," मी म्हणालो.

लग्न उन्हाळ्यात झालं. हळद लावताना सासू कुठे दिसली नाही. ती पंगतीचं पाहत होती आणि तिने ते चांगलं पाहिलं. ती रडली असेल तर मला कळलं नाही. नवरीची पाठवणी करताना सगळ्या बाया रडतात, त्यात एकीचं वेगळं काढता येत नाही, आणि हे तिला आधी सुचलं असतं तर कदाचित आधीचा नकारसुद्धा आला नसता.

पहिल्या दिवाळीला आम्ही अल्लीपूरला गेलो. थोरले जावईही आले होते, हिंगणघाटच्या गिरणीत काम करणारे, अघळपघळ गृहस्थ. पुरणपोळी होती, तुपाची वाटी होती, आग्रह होता. जेवल्यावर मधल्या घरात सतरंजी अंथरून त्यावर दोन उशा ठेवलेल्या होत्या. सासूने येऊन एक उशी उचलून नेली. थोरले जावई आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी भिंतीला टेकून बसलो.

पुरणपोळीनंतर तीन तास बसून काढणं हे काम तिसऱ्या अंकापेक्षा अवघड आहे. तिथे निदान डोळे मिटता येत होते. मी जुनं पंचांग वाचलं. दाराबाहेरच्या कोंबड्या पाहिल्या. दोनदा माझी मान खाली गेली असावी, कारण दोनदा स्वयंपाकघरातून आवाज आला, "मास्तर." मी म्हणालो, "जागा आहे." दुसऱ्या वेळी ती चहा घेऊन आली आणि मी तो संपवेपर्यंत उंबऱ्यावर बसली. शाळेत किती मुलं आहेत ते विचारलं. थंडीत त्यांना कुठे बसवता ते विचारलं. थोरले जावई घोरतच होते. त्यांच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. नंतरही ती होती तोवर त्या घरात माझी पाठ जमिनीला लागली नाही. ती अट तिने कधी काढली नाही, आणि मी कधी काढायला सांगितली नाही.

संध्याकाळच्या मोटारीत बायको म्हणाली, "माय चारदा पाहून गेली तुमाले."

"सहादा," मी म्हणालो.

"तुमी मोजून राह्यले होते?"

"दुसरं काय करणार होतो?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मोटार गावाबाहेर पडली तेव्हा माझे डोळे मिटायला लागले होते. "झोपा आता," ती म्हणाली, "वर्धा आलं का उठवीन मी तुमाले." आणि वर्धा आल्यावर तिने खरंच उठवलं.